राऊटर बैठकीत आणि अभ्यास माजघरात

तेलगावच्या चौकात बीड-परळी रस्ता आणि माजलगाव-धारूर रस्ता एकमेकांना भेटतात. चारही दिशांचा माणूस येथे उतरतो, चहा घेतो आणि जाता जाता कापडाच्या दुकानात डोकावतो. कारखान्याचा पट्टा पडला की ऊसतोडीला गेलेली कुटुंबे परततात, लग्नसराई सुरू होते आणि आमच्या गादीवर चार माणसे बसतात. पूर्वी या माणसांच्या बोलण्यात पाऊस, कापसाचा भाव आणि कारखान्याचे बिल एवढेच विषय असत. आता त्यांत आणखी एका तक्रारीची भर पडली आहे. ती म्हणजे, ‘घरात नेट घेतले, पण चालत नाही.’

प्रत्येकाचे म्हणणे एकच असते की कंपनी लुबाडते. आम्हीही वर्षभर हेच म्हणत होतो. आज आमचे मत बदलले आहे. कंपन्या निर्दोष आहेत असे आम्ही म्हणणार नाही, त्यांच्याविषयी पुढे बोलूच. परंतु या तक्रारीचे निम्मे कारण खांबावर किंवा तारेत नसून आपल्याच चार भिंतींच्या आत आहे, आणि ते न शोधता आपण दरमहा पैसे वाया घालवतो, हे व्यापारी बांधवांपुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या घरची गोष्ट

आमचे घर जुने आहे. पुढच्या दोन खोल्या माळवदाच्या, भिंती दगडमातीच्या आणि दोन हात जाड. मध्ये अंगण, त्यावर आता पत्रे टाकले आहेत. मागे आम्ही दहा-बारा वर्षांपूर्वी सिमेंटच्या स्लॅबच्या दोन खोल्या बांधल्या. मराठवाड्यातील बहुतेक घरे अशीच टप्प्याटप्प्याने वाढलेली असतात. पैसा आला की एक खोली वाढते.

नेटची लाईन आली तेव्हा जोडणीला आलेल्या मुलाने खांबावरून तार ओढली, खिडकीतून आत घेतली आणि बैठकीत लोखंडी कपाटाशेजारी, टीव्हीच्या मागे दोन खिळे ठोकून राऊटर टांगला. तेथे का? कारण तेथे तार सर्वात कमी लागत होती आणि त्याला त्या दिवशी आणखी चार घरे उरकायची होती. आम्हालाही बरे वाटले. बैठकीत पाहुणे येतात, दिवे लुकलुकतात, घरात नेट आहे हे दिसते. मोबाइलवर वेग पाहिला, ठीक होता. आम्ही सही केली. ‘मागच्या खोलीत जाऊन पाहू’ असे तोही म्हणाला नाही आणि आम्हालाही सुचले नाही.

मागच्या खोलीत आमची धाकटी मुलगी अभ्यास करत असे. तेथे तिचा ऑनलाईन वर्ग अडखळत असे, चित्र थांबे, मास्तरांचा आवाज तुटे. ती पुस्तक घेऊन जिन्यात जाऊन बसे. आम्हाला वाटे, पोरीला मोकळ्या हवेत बसायला आवडते. मग एका परीक्षेचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस आला. फोटो आणि सही काही केल्या चढेना. रात्री अकराच्या सुमारास ती मोबाइल घेऊन बैठकीच्या दारापर्यंत आली. बैठकीत परगावचे पाहुणे झोपले होते. ती दारातूनच परत फिरली. सकाळपर्यंत मुदत संपली होती. आम्हाला हे आठ दिवसांनी कळले, तेही तिच्या आईकडून. तिचे एक वर्ष गेले.

यावर आम्ही जे केले ते कोणताही दुकानदार करतो. कंपनीला फोन करून मोठा प्लॅन घेतला. चाळीसचे शंभर केले. बैठकीत वेग खरोखर वाढला. मागच्या खोलीत जे होते तेच राहिले. चार महिने आम्ही जास्तीचे पैसे भरले आणि पुन्हा कंपनीलाच नावे ठेवली.

उणे आकड्यांचा हिशोब

शेवटी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा आमचा भाचा आला. त्याने वेग मोजलाच नाही. मोबाइलवर दुसरेच एक ॲप लावले आणि प्रत्येक खोलीत उभे राहून सिग्नलचा जोर कागदावर लिहिला. राऊटरजवळ उणे ३८, अंगणात उणे ६१, मागच्या खोलीत उणे ८४. आम्ही म्हणालो, ‘हे तर सगळेच तोट्यात आहे.’ तो हसला. म्हणाला, ‘मामू, हा उणे म्हणजे तोटा नाही. शून्य म्हणजे एक मिलिवॅट. त्याच्या खाली प्रत्येक दहाला जोर एक-दशांश होत जातो. दहा उतरले की दहावा हिस्सा, वीस उतरले की शंभरावा, तीस उतरले की हजारावा.’

आम्ही पाटी घेतली. ३८ पासून ८४ म्हणजे ४६ ची उतरण. मागच्या खोलीत राऊटरजवळच्या जोराचा सुमारे चाळीस हजारावा हिस्सा पोहोचत होता. समोरासमोर चित्र दिसून बोलणे नीट व्हावे तर साधारण उणे ६७ च्या आसपास किंवा त्याहून बरा आकडा हवा, असे या धंद्यातील लोक धरून चालतात. उणे ८० च्या पलीकडे गेले की जोडणी नावापुरती राहते. अशा खोलीसाठी शंभराचा प्लॅन घेतला काय आणि हजाराचा घेतला काय, फरक पडत नाही. प्लॅन राऊटरपर्यंतच्या तारेचा असतो. राऊटरपासून मोबाइलपर्यंतचा रस्ता घराचा असतो.

भिंत किती घेते

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तेथे विज्ञानाच्या पुस्तकात लहरीला ‘मौज’ म्हणत. मराठीत मौज म्हणजे गंमत, हे आम्हाला दुकानात बसू लागल्यावर कळले. पण या लहरीची गंमतही काही कमी नाही. १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी भिंतीपलीकडे लहर पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. म्हणजे लहर भिंतीतून जाते, हे सव्वाशे वर्षांहून जुने ज्ञान आहे. फक्त प्रत्येक भिंत टोलनाका आहे. काही घेतल्याशिवाय सोडत नाही.

मोकळ्या जागेतही अंतर दुप्पट झाले की जोर चौथाई होतो. त्यावर भिंतीचा टोल वेगळा. साधी विटेची भिंत निम्म्याहून अधिक जोर खाऊ शकते. सळईचा स्लॅब तर दहातले नऊ हिस्से किंवा त्याहूनही जास्त घेऊ शकतो. दगडमातीची दोन हाती भिंत उन्हाळ्यात जितके घेते त्याहून अधिक पावसाळ्यात घेते, कारण ओल. पाणी या लहरी शोषून घेते. म्हणून राऊटर आणि खोली यांच्या मध्ये पाण्याची टाकी किंवा रांजणांची उतरंड असेल तर ती अडसर ठरते. माणसाच्या अंगातही पाणीच जास्त. लग्नघरी बैठक भरली की आतल्या खोलीतले नेट मंदावते, त्याचे एक कारण ही गर्दीही असते.

धातूची गोष्ट आणखी वेगळी. पत्रा, लोखंडी कपाट, दुकानाचे शटर, स्टीलच्या मांडण्या या लहरीला परत फेकतात. आरसादेखील तसाच, कारण त्याच्या पाठीला धातूची कलई असते. आमचा राऊटर नेमका लोखंडी कपाट आणि टीव्ही यांच्या बेचक्यात टांगलेला होता. कापडाविषयी मात्र आम्हाला आनंदाची बातमी मिळाली. कोरडे सुती कापड लहरीला फारसे अडवत नाही. तेव्हा दुकानातील थानांना दोष देऊ नये, थाने ज्या लोखंडी घोड्यावर ठेवली आहेत त्याला द्यावा.

लहर भिंतीतून सरळ गेली तर भिंतीची जाडी तेवढीच. तिरकी गेली तर तीच भिंत तिला जास्त जाड लागते. म्हणून कोपऱ्यात ठेवलेला राऊटर दोन्ही बाजूंनी तोट्याचा. त्याचा अर्धा-अधिक जोर गल्लीत जातो आणि उरलेला भिंती कापत तिरका चालतो. तो घराच्या मध्यावर, मोकळ्या जागी, छातीच्या उंचीच्या वर असावा. त्याचे दांडे उभे असतील तर लहर मुख्यतः आडवी पसरते. वरच्या मजल्यावर पोहोचवायचे असेल तर एक दांडा आडवा करून पाहावा.

मोठा पन्हा आणि लांब मजल

हल्लीच्या बहुतेक राऊटरमधून दोन तऱ्हेच्या लहरी निघतात. एक २.४ गिगाहर्ट्झची, जिची लांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर म्हणजे अर्धी वीत. दुसरी ५ गिगाहर्ट्झची, तिची लांबी तीन बोटांएवढी. आपल्या देशात पहिली घरोघरी विनापरवाना वापरण्यास २००५ मध्ये मोकळीक मिळाली आणि दुसरीचा पट्टा २०१८ मध्ये मोठ्या प्रमाणावर खुला झाला. आखूड लहर माल जास्त नेते, पण भिंतीत लवकर दमते. लांब लहर माल कमी नेते, पण दोन भिंती जास्त ओलांडते. राऊटरच्याच खोलीत बसायचे असेल तर ५ घ्यावी, दोन खोल्या पलीकडे बसायचे असेल तर २.४ बरी. पुष्कळ घरांत या दोन्ही जोडण्यांची नावे वेगवेगळी दिसतात आणि लोक ५ चा आकडा मोठा म्हणून तीच निवडतात. हे म्हणजे गिऱ्हाईकाने अंगाचे माप न देता नुसता भारीतला कपडा मागण्यासारखे झाले.

कापडाला जसा पन्हा असतो तसा या जोडणीलाही असतो. पन्हा वाढवला की माल जास्त जातो, परंतु आजूबाजूचा गोंगाटही तेवढाच जास्त पकडला जातो आणि मजल कमी होते. २.४ च्या पट्ट्यात आपल्याकडे तेरा वाहिन्या आहेत, पण एकमेकींवर न चढणाऱ्या अशा तीनच जमतात, १, ६ आणि ११. गल्लीत दहा घरांत दहा राऊटर लागले आणि त्यातले सात एकाच वाहिनीवर असले, तर बाजाराच्या दिवशी चौकात जे होते तेच होते. सगळे बोलतात, कोणालाच ऐकू येत नाही. ब्लूटूथ आणि स्वयंपाकाची मायक्रोवेव्ह भट्टी यांचाही गलका याच पट्ट्यात असतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. हा व्यवहार दोन्ही बाजूंचा आहे. राऊटरला भिंतीतून वीज मिळते, त्याचा आवाज मोठा असतो. मोबाइल बॅटरीवर चालतो, त्याचा आवाज लहान. म्हणून मोबाइलवर दोन काड्या दिसतात, तरी आपण पाठवलेला फोटो चढत नाही. आमच्या मुलीचा फोटो आणि सही याच कारणाने अडली असावी.

आम्ही काय केले

आम्ही राऊटर कपाटामागून काढून अंगणाच्या बाजूच्या उघड्या कोनाड्यात आणला. तेवढ्यानेच मागच्या खोलीतला आकडा उणे ७३ झाला. मग राऊटरपासून मागच्या खोलीपर्यंत नेटची केबल ओढली. अशी केबल शंभर मीटरपर्यंत बिनघोर चालते. तिच्या टोकाला दुसरा साधा राऊटर लावला. आज मुलीच्या टेबलावर उणे ४५ आहे. एकूण खर्च दोन हजारांच्या आत आला. प्लॅन आम्ही पुन्हा चाळीसचा केला, तो पुरतो.

बाजारात तारेविना चालणारे, सिग्नल पुढे ढकलणारे छोटे यंत्रही मिळते. ते घ्यायचे असेल तर एक गोष्ट सांभाळावी. लोक ते जेथे सिग्नल नाही तेथेच लावतात. जेथे काही पोहोचतच नाही, तेथे ते पुढे काय ढकलणार? ते वाटेत, जेथे जोर अजून बरा आहे अशा जागी लावावे. शिवाय साधे यंत्र एकाच वाहिनीवर ऐकते आणि बोलते, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. जेथे केबल नेता येते तेथे केबलच न्यावी. आणि वीज जाते त्या गावात राऊटरसाठी छोटी बॅटरी ठेवावी, नाहीतर वर सांगितलेले सर्व व्यर्थ.

दुकानदारांनाही हे लागू आहे. जीएसटी आला २०१७ मध्ये, ई-वे बिल सक्तीचे झाले २०१८ पासून. आता बिल, पावती, माल पाठवणे सारे याच लहरीवर आहे. पुण्याच्या गिऱ्हाइकाला मोबाइलवर साडीचा पदर दाखवताना चित्र थांबले की गिऱ्हाईक दुसरे दुकान पाहते. राऊटर शटरच्या पेटीमागे किंवा स्टीलच्या मांडणीवर ठेवून वेगाची तक्रार करू नये. तो गल्ल्याजवळ, उघड्यावर आणावा.

मापात पाप नको

आता कंपन्यांविषयी. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान मापे आली. आमची मीटरपट्टी आम्हाला तपासून, शिक्का मारून घ्यावी लागते. पट्टी बोटभर कमी निघाली तर दंड होतो, आणि व्हायलाच हवा. गिऱ्हाइकासमोर कापड मोजून, मग फाडायचे, ही आमच्या धंद्याची रीत आहे. नेट विकणाऱ्यांनाही हीच रीत का नसावी?

सरकारने २०२३ च्या जानेवारीत ब्रॉडबँड म्हणवण्यासाठी किमान वेग २ एमबीपीएस ठरवला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रायने इमारतींना डिजिटल जोडणीनुसार मानांकन देण्याचे विनियम काढले. घराच्या आत सिग्नल पोहोचतो की नाही, हा प्रश्न दिल्लीपर्यंत गेला आहे, हे चांगलेच. परंतु हे मानांकन ऐच्छिक आहे आणि तेलगावच्या माळवदाला कोणी मानांकन द्यायला येणार नाही. तेव्हा आमची मागणी साधी आहे. जोडणी करणाऱ्याने सही घेण्यापूर्वी घरातल्या प्रत्येक खोलीत सिग्नलचा जोर मोजून दाखवावा आणि तो आकडा पावतीवर लिहावा. पाच मिनिटांचे काम आहे. पुढे तक्रार आली की मोठा प्लॅन गळ्यात मारण्याआधी तोच कागद काढावा. आणि गिऱ्हाइकानेही तो आकडा मागितल्याशिवाय सही करू नये. आम्ही केली, त्याची किंमत आमच्या मुलीने मोजली.

नवे घर बांधणाऱ्यांना एक विनंती. स्लॅब ओतण्यापूर्वी विजेच्या नळ्यांसोबत नेटच्या केबलची एक मोकळी नळी प्रत्येक खोलीपर्यंत टाकायला मिस्त्रीला सांगावे. नंतर भिंत फोडण्यापेक्षा ते फार स्वस्त पडते.

शेवटचा मुद्दा

आम्ही ही हकीकत गादीवर सांगितली तेव्हा एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, ‘मुलींच्या खोलीपर्यंत नेट कशाला न्यायचे? बैठकीत असले म्हणजे नजर राहते.’ त्यांची काळजी आम्ही समजतो, आम्हीही मुलींचे बाप आहोत. परंतु कमजोर सिग्नल म्हणजे देखरेख नव्हे. ज्याला मोबाइलचा दुरुपयोग करायचा आहे तो जिन्यात बसूनही करतो. अडतो तो अभ्यास करणारा, कारण दोन तासांचा वर्ग आणि अर्जाचा फोटो यांनाच चांगला जोर लागतो. नजर ठेवायची तर मुलांशी बोलून ठेवावी. ते काम भिंतीवर सोपवू नये.

कोणी म्हणेल, मोबाइलचा स्वतःचा डेटा आहेच. आहे, पण टॉवरची लहरही त्याच भिंतींतून आत येते आणि टॉवर अंगणात नसून गावाबाहेर असतो.

आपल्या घरांत पुढची खोली पुरुषांची आणि पाहुण्यांची, मागची खोली बायकांची आणि मुलांची, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या आहे. आम्ही तिच्यावर येथे बोलत नाही. पण नेटचे बिल सगळ्या घराच्या कमाईतून जाते, आणि शिवणकामाची मागणी घेणारी सूनबाई, परीक्षा देणारी मुलगी, शाळेचा धडा पाहणारा नातू हे सर्व मागच्याच खोलीत असतात. ज्याला सर्वात जास्त गरज त्याला सर्वात कमी, हा हिशोब कोणत्या वहीत बसतो?

वाचकांनी आज एवढेच करावे. मोबाइल घेऊन घरातल्या शेवटच्या खोलीत जावे, दार लावावे आणि तेथून कोणालातरी चित्रासह फोन करून पाहावा. जमले तर उत्तम. नाही जमले तर कंपनीला फोन करण्याआधी राऊटर कोठे टांगला आहे ते पाहावे, आणि त्या खोलीत रोज कोण बसते, ते त्याला विचारावे. आम्ही विचारले असते तर आमच्या मुलीने पहिल्याच आठवड्यात सांगितले असते. या वर्षीचा अर्ज तिने मागच्या खोलीतूनच भरला. मुदतीच्या नऊ दिवस आधी.